ग्रंथालयातले दोन तास

"आम्ही मुलीला कॉलेजात शिकायला पाठवलंय, कामाला नाही."

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या वडिलांनी हे वाक्य मला ऐकवले, तेव्हा त्यांच्या हातात महाविद्यालयाचा एक साधा अर्ज होता. मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. 'कमवा व शिका'मधून तिला ग्रंथालयाच्या संगणक कक्षात रोज दोन तासांचे काम मिळणार होते. प्रिंटरमध्ये कागद अडकला तर तो काढायचा, कोणाला पुस्तक सापडत नसेल तर संगणकावर शोधून द्यायचे, कोणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडला असेल तर शेजारी बसून पुढे सरकवायचा. फक्त पालकांची सही हवी होती आणि नेमकी तीच होत नव्हती. घरात पैशाची ओढाताण आहे हे मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक होते. त्यामुळे काम करण्यात लाज कशाची, असे मी विचारले. उत्तर ठरलेले होते: लोक काय म्हणतील?

हेच लोक दुसऱ्या एका बाबतीत काय म्हणतात तेही ऐकण्यासारखे आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातून अभियांत्रिकी शिकून एखादा मुलगा पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेला जातो. विद्यार्थी व्हिसावर असताना त्याला सत्र चालू असेपर्यंत विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येते. तो ग्रंथालयाच्या काउंटरवर बसतो, लॅपटॉप देतो-घेतो, प्रिंटरमध्ये कागद भरतो. इकडे लग्नाच्या दावतीत त्याचे मामू अभिमानाने सांगतात, "पोरगा आपल्या पायावर उभा आहे, घरून एक पैसा मागत नाही." तिथल्या विद्यापीठांत ग्रंथालयांची अशी कामे फार मोठ्या प्रमाणावर विद्यार्थीच करतात. १९६४ सालच्या एका कायद्यापासून गरजू विद्यार्थ्यांच्या या मजुरीत तिथले केंद्र सरकार स्वतः वाटा उचलते. तेच काम, तसाच प्रिंटर, पण मलकापूर किंवा खामगावच्या महाविद्यालयात मुलीने केले की खानदानाची इज्जत जाते. हे गणित मला वीस वर्षे शिकवूनही सुटलेले नाही.

आणि ही कल्पना काही परदेशातून आलेली नाही. महाराष्ट्रात तिचा पाया कर्मवीर भाऊराव पाटलांनी घातला. १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह निघाले. तिथे सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत जेवत, शेतात राबत, स्वयंपाकाला हात लावत आणि शिकत. १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले, तेही याच तत्त्वावर. ज्याच्याकडे फी भरायला पैसा नाही त्याच्याकडे दोन हात आहेत, मग ते हातच त्याची फी भरतील, असा हा सरळ हिशेब होता. पुढे अनेक विद्यापीठांनी आणि महाविद्यालयांनी तो उचलला. पुणे विद्यापीठाची 'कमवा व शिका' योजना तर कर्मवीरांच्याच नावाने चालते.

आपल्या घरांत डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम यांचे नाव मोठ्या प्रेमाने घेतले जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रामेश्वरमला गाडी थांबेनाशी झाली, तेव्हा वर्तमानपत्रांचे गठ्ठे धावत्या गाडीतून खाली टाकले जात. ते गोळा करणाऱ्या आपल्या नातलगाला शाळकरी कलाम मदत करत आणि त्यातून त्यांची पहिली कमाई झाली. त्यांची तसबीर भिंतीवर लावायची आणि मुलाने दोन तास काम केले तर मान खाली घालायची, हे जुळत नाही.

दीनच्या बाजूने पाहिले तर बोलायला जागाच उरत नाही. माणसाने स्वतःच्या हाताच्या कमाईतून खाल्लेल्या अन्नापेक्षा चांगले अन्न कोणी खाल्ले नाही आणि अल्लाहचे नबी दाऊद (अलै.) हेही आपल्या हाताच्या कमाईतून खात, अशा अर्थाची हदीस बुखारी शरीफमध्ये आहे. दाऊद (अलै.) हे बादशहाही होते, हे लक्षात घ्यावे.

असो. सही का व्हावी, हे ज्याला पटायचे त्याला एवढ्यावर पटेल. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे काम नेमके काय असते आणि त्यातून मुलांच्या पदरात काय पडते. कारण 'ग्रंथालयात काम' म्हटले की बहुतेक आई-वडिलांच्या डोळ्यांसमोर फडके घेऊन कपाटे पुसणारी मुलगी येते. आणि काही ठिकाणी खरोखरच तेवढेच काम दिले जाते, हेही मान्य करायला हवे.

आजचे महाविद्यालयीन ग्रंथालय आपल्या वेळचे राहिलेले नाही. आपल्या वेळी लाकडी खणांत कार्डे असत. लेखकाच्या नावाने एक, पुस्तकाच्या नावाने एक, आणि शिपाईभाऊंच्या मर्जीवर सगळे अवलंबून. आता पुस्तकांची यादी संगणकावर असते. त्यासाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने तयार केलेली 'सोल' ही प्रणाली आपल्याकडच्या अनेक महाविद्यालयांत आहे. काही ठिकाणी 'कोहा' आहे. कोहा न्यूझीलंडमधल्या एका लहान भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी तयार झाली आणि २००० सालच्या सुरुवातीला कामाला लागली. ती कोणालाही फुकट वापरता येते. माओरी भाषेत 'कोहा' म्हणजे भेट, नजराणा. नाव शोभते.

याच इन्फ्लिबनेटची 'एन-लिस्ट' नावाची योजना आहे. तिच्यात सहभागी झालेल्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला एक युजर आयडी आणि पासवर्ड मिळतो. त्यावर सहा हजारांहून अधिक संशोधन नियतकालिके आणि लाखोंनी पुस्तके घरबसल्या, मोबाइलवरही वाचता येतात. देशभरातले पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा'वर सर्वांना खुले आहेत. आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय वेगळेच. म्हणजे संग्रामपूर किंवा लोणार तालुक्यातल्या मुलीला आज जे वाचायला मिळू शकते, ते आम्हाला बी.एड.च्या वेळी नागपूर-औरंगाबादच्या वाऱ्या करूनही मिळाले नसते.

'मिळू शकते' हे शब्द मी मुद्दाम वापरले. पासवर्ड मिळतो, पण पहिल्यांदा तो बदलावा लागतो, मग ई-मेल उघडत नाही, मग मुलगा कंटाळतो आणि पुन्हा बाजारातल्या गाइडकडे वळतो. ग्रंथपाल एकटे, सोबत एखादा परिचर, आणि विद्यार्थी शेकड्यांनी. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस.आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. वाचकाचा वेळ वाचवा, हा त्यांतला चौथा. आजच्या ग्रंथालयात वाचकाचा वेळ कपाटापाशी कमी आणि पडद्यापाशी जास्त जातो. तिथे मदतीला कोणी बसलेले असेल तर त्या पासवर्डला अर्थ आहे. आणि ते 'कोणी' विद्यार्थीच असलेले बरे. पहिल्या वर्षाचा मुलगा सरांना विचारायला लाजतो, पण दोन वर्षांनी पुढे असलेल्या मुलीला 'दीदी, हे उघडत नाही' म्हणायला लाजत नाही.

सर्वांत जास्त गर्दी मात्र पुस्तकांसाठी होत नाही, ती होते अर्जांसाठी. शिष्यवृत्तीचा महाडीबीटीचा अर्ज, परीक्षेचा अर्ज, डिजिलॉकर, क्रेडिटचे खाते, सगळे ऑनलाइन. फोटो ठरलेल्या के.बी.त बसला पाहिजे, उत्पन्नाचा दाखला पीडीएफमध्ये हवा, ओटीपी येतो तो अब्बांच्या मोबाइलवर आणि अब्बा जिनिंगमध्ये कामावर. त्यातही आपल्या मुलांची एक खास अडचण आहे, ती नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर 'शेख मोहम्मद' आधी आणि मुलाचे नाव नंतर. आधारवर मुलाचे नाव आधी आणि 'शेख' शेवटी. बँकेत नुसते 'मो.', आणि जातीच्या दाखल्यावर 'शे.'. मुलींची 'परवीन' एका कागदावर दीर्घ, दुसऱ्यावर ऱ्हस्व. इंग्रजीत लिहिताना तर एकाच मोहम्मदची पाच रूपे होतात. माणसाच्या नजरेला हे एकच नाव असते, संगणकाला ते पाच वेगवेगळे माणूस वाटतात आणि अर्ज परत येतो.

बागवान, मोमीन, पिंजारी, अत्तार अशा आपल्यातल्या अनेक बिरादऱ्या महाराष्ट्रात इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. त्यांच्या मुलांना शिष्यवृत्तीचा हक्क आहे. तो हक्क कित्येकदा एका वेलांटीपाशी अडतो. मंजूर झालेली रक्कमही भलत्या खात्यात जाऊन बसते. कारण पैसा अर्जात आपण कोणते खाते मनात धरले आहे तिकडे जात नाही, आधारशी जोडलेले जे खाते असेल तिकडे जातो. घरात तीन पासबुके असतात आणि आधार कोणत्या खात्याला जोडले आहे हे कोणालाच माहीत नसते. ग्रंथालयाच्या टेबलावर बसणारी मुलगी पहिल्या आठवड्यात हे सगळे शिकते. दुसऱ्या आठवड्यात ती स्वतःच्या घरातले कागद काढून नावे तपासायला बसते. मी हे एका घरात पाहिले आहे. धाकट्या भावाच्या दहावीच्या अर्जातले स्पेलिंग वेळेत दुरुस्त झाले, ते त्यामुळेच.

इथे एक गोष्ट मला थोडी विस्ताराने सांगायची आहे, कारण आपल्या घरांत तिची चर्चा होत नाही. अर्ज भरून घ्यायला आपल्या मुली सध्या कुठे जातात? चौकातल्या नेट कॅफेत. तिथे आधार कार्ड द्यायचे, फोटो द्यायचा, मोबाइल नंबर द्यायचा, ओटीपी सांगायचा. पासवर्ड दुकानदारच ठेवतो आणि स्वतःच्या वहीत लिहून घेतो. पुढच्या वर्षी अर्ज भरायला मुलगी त्याच्याकडेच आली पाहिजे ना! सगळेच दुकानदार वाईट असतात असे मी मुळीच म्हणत नाही, पुष्कळ जण मेहनतीने आणि इमानाने पोट भरतात. पण आपली मुलगी कोणाशी बोलते यावर कडक नजर ठेवणारे घर तिचा फोटो, नंबर आणि पासवर्ड एका अनोळखी माणसाच्या वहीत बिनधास्त ठेवते, हे मला कळत नाही. महाविद्यालयाच्या आवारात, ग्रंथपाल मॅडमच्या नजरेसमोर, एका मुलीच्या शेजारी दुसरी मुलगी बसून अर्ज भरवते आहे, ही जागा त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. म्हणून अशा टेबलावर मुली असल्याच पाहिजेत. आपण सही केली नाही तर त्या कुठून येणार?

त्या टेबलावर बसणाऱ्याला पहिला धडा द्यायचा तो अमानतीचा. आपल्या प्यारे नबी (स.) यांना नबुव्वतीच्या आधीपासून मक्केचे लोक 'अल-अमीन' म्हणत आणि आपल्या ठेवी त्यांच्याकडे ठेवत. दुसऱ्याचा पासवर्ड हीसुद्धा ठेवच. तो ज्याचा त्याने टाइप करावा, मदत करणाऱ्याने त्या वेळी मान दुसरीकडे वळवावी. काम झाले की खाते बंद करायला लावावे, संगणकावर उतरवलेले आधार, गुणपत्रिका पुसून टाकाव्यात. आणि सर्वांत अवघड म्हणजे माऊस आपल्या हातात घेऊ नये. भराभर अर्ज भरून देणे सोपे असते, समोरच्याकडून भरून घेणे वेळखाऊ असते. पण पुढच्या वर्षी तो मुलगा एकटा अर्ज भरील की पुन्हा रांगेत उभा राहील, ते यावरच ठरते.

आता उर्दूविषयी. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे उर्दू माध्यमातून महाविद्यालयात गेलेल्या मुलांची घुसमट मला ठाऊक आहे. पहिली सहा महिने ती मागच्या बाकावर गप्प बसतात. आपल्याला काही येत नाही, असे त्यांनी मनाशी धरलेले असते. पण ग्रंथालयात एक काम असे आहे की ते त्यांच्याशिवाय कोणालाच येत नाही. अनेक जुन्या महाविद्यालयांत उर्दू-फारसी पुस्तकांचे एखादे कपाट असते. संगणकावर त्यांची नोंद केलेली असते ती रोमन लिपीत, ज्याला जसे ऐकू आले तशी. एकाच शायराचे नाव एका पुस्तकावर 'क्यू'ने, दुसऱ्यावर 'के'ने. शोधणाऱ्याला अर्धी पुस्तके दिसतच नाहीत. कोहासारख्या प्रणालीत उर्दू लिपीतच नोंद करता येते, पण ती करायची कोणी? ग्रंथपालांना लिपी येत नाही.

इथे आपली मुलगी लागते. आणि तिलाही नव्याने शिकावे लागते. जुने उर्दू टंकलेखन 'इनपेज'मध्ये केलेले असते, ते जसेच्या तसे नोंदीत उतरत नाही, आधी युनिकोडमध्ये आणावे लागते. जसे मराठीत कृतिदेव किंवा श्रीलिपीतला मजकूर दुसरीकडे नेला की त्याची रांगोळी होते, तसेच. शिवाय एक बारीक खोच आहे. अरबी कीबोर्डवरचा 'काफ' आणि 'ये' उर्दू कीबोर्डवरच्या 'काफ' आणि 'ये'पेक्षा संगणकाच्या लेखी वेगळी अक्षरे आहेत. शब्दाच्या मध्ये आली की डोळ्यांना ती सारखीच दिसतात. एकाने अरबी कीबोर्डवरून 'किताब' लिहिले आणि दुसऱ्याने उर्दू कीबोर्डवरून शोधले, तर पुस्तक कपाटात असूनही संगणक 'नाही' म्हणू शकतो. हे ज्याला कळते आणि दुरुस्त करता येते, असा माणूस तालुक्याच्या गावी शोधूनही सापडत नाही. रेख्तासारख्या संस्थेने २०१३ पासून हजारो उर्दू पुस्तके संगणकावर आणून ठेवली, त्यामागे हेच कौशल्य आहे.

आणि ही आपली जुनी परंपराही आहे. बगदादच्या इब्न अन-नदीमने हिजरी ३७७ मध्ये, म्हणजे इ.स. ९८७ मध्ये, 'अल-फिहरिस्त' लिहिली. अरबी भाषेत जी पुस्तके माहीत होती त्यांची ती यादी. तो वर्राक होता, म्हणजे पुस्तकांच्या नकला करणारा आणि विकणारा. आज त्या काळातल्या कितीतरी हरवलेल्या ग्रंथांची नावे आपल्याला कळतात ती त्याच्या यादीतून.

टेबलावरचे आणखी एक काम मुलांना आवडते, ते म्हणजे दृष्टिहीन विद्यार्थ्यांना मदत. 'एनव्हीडीए' नावाची फुकट प्रणाली पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवते. ती संगणकावर बसवून देणे आणि कळा ओळखायला शिकवणे दोन-तीन बैठकांत जमते. पुस्तकाची पाने स्कॅन करून द्यायला मात्र चिकाटी लागते.

एवढे सगळे सांगितल्यावर खटकणाऱ्या बाजूही सांगायला हव्यात. मजुरी थोडी असते. तिच्यावर घर चालत नाही. बसचा पास, झेरॉक्स, परीक्षेची फी आणि एखादे पुस्तक निघते. शिवाय ती वेळेवर मिळेलच असे नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलाचे जुलै ते डिसेंबरचे मानधन मार्चमध्ये आले. घाम वाळण्याआधी मजुराची मजुरी द्या, ही हदीस आपण खुतब्यात ऐकतो. संस्थाचालक मंडळींत आपलेही भाऊबंद आहेत, त्यांनी ती कार्यालयातही आठवावी. काही ठिकाणी विद्यार्थ्याला ग्रंथालयातून उठवून कार्यालयात बसवतात आणि कारकुनाचे साचलेले काम त्याच्याकडून उरकून घेतात. हे होऊ लागले तर मुलाने नम्रपणे ग्रंथपालांना सांगावे, आणि ऐकले जात नसेल तर पालकांनी जाऊन भेटावे. परीक्षेच्या आधीचे दोन-तीन आठवडे काम नको, तास बुडवून तर मुळीच नको. ज्या मुलाची हजेरीच कमी आहे त्याला आधी वर्गात बसू द्यावे.

पुढे याचा उपयोग काय, असे पालक विचारतात. ग्रंथालयाचीच गोडी लागली तर पदवीनंतर ग्रंथालयशास्त्राची पदवी घेता येते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून ती नोकरी किंवा घर सांभाळूनही करता येते. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी नॅक समिती ग्रंथालय संगणकीकृत आहे का हे विचारते, त्यामुळे हे काम जाणणाऱ्या माणसांची गरज महाविद्यालयांना आहे. बँकेत, सेतू केंद्रात, शाळेच्या कार्यालयात, कुठेही गेले तरी समोरच्या गोंधळलेल्या माणसाला न चिडता समजावून सांगण्याची सवय कामी येते. मी तर म्हणेन, डी.एड., बी.एड. करू इच्छिणाऱ्या मुलामुलींनी हे काम आवर्जून करावे. शिकवण्याची एवढी चांगली तालीम आम्हाला पाठ टाचणांतून मिळाली नव्हती.

ज्यांना हे पटते त्यांच्यासाठी थोडी व्यवहाराची माहिती. योजना प्रत्येक महाविद्यालयात असतेच असे नाही, आणि असली तरी सूचना फलकावर एका कोपऱ्यात चिकटवलेली असते. प्रवेश होताच मुलाने ग्रंथपालांना किंवा विद्यार्थी विकासाचे काम पाहणाऱ्या प्राध्यापकांना विचारावे. योजना नसेल तर चार-पाच विद्यार्थ्यांनी मिळून प्राचार्यांना अर्ज द्यावा. बँकेचे खाते मुलाच्या स्वतःच्या नावावर असावे. रोजच्या तासांची नोंद वहीत करून त्यावर ग्रंथपालांची सही घ्यावी, मानधनाचा वाद झाला तर तीच वही कामी येते. वर्ष संपले की कामाचे स्वरूप लिहिलेला अनुभवाचा दाखला मागून घ्यावा. 'ग्रंथालयात मदत केली' एवढेच नको, कोणत्या प्रणालीवर काय काम केले ते त्यात यावे. मुलीची शेवटची एसटी किती वाजता आहे ते पहिल्याच दिवशी सांगून वेळ ठरवून घ्यावी. रमजानमध्ये दुपारची पाळी सकाळी करून मागता येते, मात्र ते चांद दिसल्यावर नव्हे, महिनाभर आधी सांगावे, म्हणजे ग्रंथपालांना दुसऱ्या कोणाशी अदलाबदल करता येते.